कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला

दुपारी साडेतीनच्या सुमाराला माझ्या सासूबाई टायरच्या म्हशीवर बसल्या.

म्हैस खऱ्या म्हशीपेक्षा मोठी होती. ट्रकची झिजलेली टायरं कापून, वळवून, एकावर एक बसवून केलेली. शिंगांच्या जागी सायकलचं हँडल. चारी पाय पोटाखाली घेऊन ती संग्रहालयाच्या दालनात मधोमध बसली होती. सासूबाईंनी आधी तिच्याभोवती एक फेरी मारली, पाठीला हात लावला, कुणी ओरडेल म्हणून लगेच काढून घेतला आणि मग भिंतीवरची पाटी वाचली. ‘कृपया हात लावा.’

“‘नका’ लिहाचं राह्यलं वाटते,” त्या सोबतच्या हेमांगीला म्हणाल्या.

मलाही तसंच वाटलं होतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली की पाटी दिसली तरी आधी चूक दिसते.

“राहिलं नाही आजी,” दारातला रक्षक स्टुलावरूनच म्हणाला. “या दालनात हात लावायचा. बसा की तिच्यावर. बसण्यासाठीच केलीये.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठ फिरवली आणि भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं बघत उभा राहिलो.

पाठ फिरवायला कारण होतं. गोकर्णाबाई ताथोड सहा वर्षं माझ्या घरात राहत होत्या, पण माझ्यासमोर त्या कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. अकोल्याकडच्या जुन्या वळणाच्या बाई. जावई समोर आला की उठायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. मी त्याच खोलीत पेपर वाचत असलो तरी त्या माझ्या मुलीला हाक मारत, “मुक्ता, तुह्या बाबाले सांग, ताट वाढलं.” मुक्ता शाळेत असली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणत, “साखर सरली.” मीही घड्याळालाच सांगावं तसं “आणतो” म्हणत असे. सवय झाली की यात काही वेगळं वाटत नाही.

पाठीमागे आवाज झाला. हंऽऽऽ! लांब, खोल, दमलेला सुस्कारा. म्हशीच्या पोटात लोहाराचा भाता बसवलेला होता आणि वर वजन पडलं की तो तिच्या नाकपुड्यांतून सुटत होता. असा सुस्कारा मी फक्त शेवटचं पान छपाईला सोडल्यावर आमच्या वृत्तसंपादकांच्या तोंडून ऐकला होता.

“अवं माय!” सासूबाई ओरडल्या, आणि मग हसल्या. घरात मी त्यांचं हसणं ऐकलं होतं, पण ते दार लोटून घेतलेल्या खोलीतलं, मुक्ताबरोबरचं. हे उघड्यावरचं होतं.

“काकू, सरका पुढे. मी पण बसते,” हेमांगी म्हणाली.

दुसरा सुस्कारा पहिल्यापेक्षा मोठा निघाला.

“दोघींचं वज्जं झालं बिचारीले.”

“दूध देते का बघा.”

“दूध कायचं, पंक्चर निघन हिचं.”

रक्षकही हसला. मी नळकांड्यावरच्या सूचना वाचत राहिलो. पहाटे झोपलो होतो, सकाळी मुक्ताच्या शाळेत पालकसभा झाली होती, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. आणि ज्या कामासाठी आलो होतो ते अजून सुरूही झालं नव्हतं.

काम असं होतं की हेमांगी मला बघायला आली होती. किंवा मी तिला. मी बिजवर, ती घटस्फोटित, दोघंही चाळिशीच्या पलीकडे, त्यामुळे कोण कुणाला बघतंय याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. विवाह मंडळाच्या बाईंनी हॉटेल सुचवलं होतं. हेमांगीने सांगितलं, हॉटेलात समोरासमोर बसून इडली खात प्रश्न विचारायचा तिला कंटाळा आलाय, त्यापेक्षा गंगापूर रस्त्यावरच्या नव्या संग्रहालयात भेटू. तिथे म्हणे कुणा शिल्पकाराची गमतीची शिल्पं आली आहेत आणि मंगळवारी चिटपाखरू नसतं. ती एका इस्पितळात एक्स-रे काढायची.

माझ्याबरोबर सासूबाई येणार हे ठरलेलं होतं. माझं नाव मंडळात त्यांनीच घातलं होतं. सरोज, त्यांची मुलगी आणि माझी बायको, डेंग्यूने गेली तेव्हा मुक्ता चार वर्षांची होती. तेराव्याला त्या आल्या त्या राहिल्याच. मुक्ता त्यांच्या कुशीत झोपायची. माझी रात्रपाळी. मी घरी येई तेव्हा दोघी झोपलेल्या, मी उठे तेव्हा एक शाळेत गेलेली आणि दुसरी कुकर लावून घड्याळाकडे बघणारी. घर चालत होतं ते त्यांच्यामुळे, यात मला कधी शंका नव्हती.

आधीच्या चार स्थळांनी नकार दिला होता. मंडळाच्या बाई कारण एकच सांगत. “अहो विद्याधर, पहिल्या बायकोची आई घरात असताना कोण येणार? कोणत्या बाईला जमेल?” चौथ्या नकारानंतर सासूबाईंनी मंडळाला स्वतः फोन केला आणि सांगून टाकलं की जावयाचं लग्न झालं की मी अकोल्याला जाणार आहे, भाचा न्यायला येतो आहे.

त्यांना भाचा नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्या होत्या, कुलूप लावलेल्या.

त्या रात्री त्या मुक्ताला म्हणाल्या, “तुह्या बाबाले सांग, भाच्याचं कोनाले बोलू नका.” मुक्ताने ते मला सांगितलं आणि विचारलं, “बाबा, भाचा म्हणजे कोण?”

मी म्हणालो, बघू.

म्हशीवरून दोघी उतरल्या. पुढे छत्र्या होत्या. काळ्या, जुन्या, गावठी छत्र्या छताला उलट्या टांगलेल्या, वटवाघळांसारख्या मिटलेल्या. खालून माणूस गेला की जमिनीतली एखादी फळी दबायची आणि त्याच्या डोक्यावरची छत्री फट्‌कन उघडायची. माणूस पुढे गेला की मिटायची. हेमांगी एकदा गेली. परत आली. मग तिने चपला काढल्या आणि पळतच गेली, आणि छत्र्या तिच्यामागे ओळीने उघडत-मिटत गेल्या. धापा टाकत ती माझ्यापाशी येऊन थांबली.

“तुम्ही नाही जात?”

“बघतोय की.”

“मी दिवसभर लोकांना सांगते, श्वास रोखा, हलू नका. स्वतःलाही तेच सांगायची सवय लागते. म्हणून असल्या जागा बऱ्या वाटतात.” तिने केस मागे घेतले. “विचारू का आता? उगाच छत्र्या बघण्यात वेळ जायला नको.”

“विचारा.”

“घरी किती वाजता येता?”

“दोन वाजतात रात्रीचे. कधी अडीच.”

“मुलीला सकाळी कोण उठवतं?”

“आई.” मी सासूबाईंना आईच म्हणत असे.

“डबा?”

“आई.”

“ताप आला तर?”

“आई. म्हणजे मी सुट्टी घेतो, पण…”

“म्हणजे आईच. आणि त्या अकोल्याला गेल्यावर?”

“बघू.”

“तुम्ही आल्यापासून हा शब्द फार वेळा वापरलात,” ती म्हणाली. चिडून नाही, एक्स-रेवरची भेग दाखवावी तसं. “तुम्ही बसा जरा. डोळे लाल झालेत. मी काकूंना ते कर्णे दाखवते.”

दालनाच्या टोकाला, खांबापाशी बाक होतं. मी तिथे बसलो. खांबातून माझ्या खांद्याच्या उंचीवर तांब्याचा एक कर्णा बाहेर आला होता, धोतऱ्याच्या फुलासारखा. मला तो खांबाची शोभा वाटला. मी डोकं खांबाला टेकवलं आणि डोळे मिटले.

पलीकडच्या भिंतीवर, दालनाच्या दुसऱ्या टोकाला, असेच बरेच कर्णे होते, लहान-मोठे, काही गुडघ्याएवढ्या उंचीवर, काही हात वर करून तोंड लावावं असे. प्रत्येकातून तांब्याची नळी निघून वर छताला गेली होती आणि तिथे सगळ्या नळ्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतल्या होत्या. पाटीवर शिल्पाचं नाव होतं, ‘ऐकतंय का कोणी?’ एका कर्ण्यात बोललं की आवाज भलत्याच कर्ण्यातून निघायचा. कोणता कशाला जोडलाय ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. हे मला नंतर कळलं.

आधी माझ्या कानात कुणीतरी “कुऽऽक” केलं. मी दचकून डोळे उघडले. आसपास कुणी नव्हतं. दूर भिंतीपाशी दोघी कर्ण्यात तोंड घालून उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून.

“काकू, तुम्ही बोला. आवाज कुठेतरी निघतो म्हणे.”

“कुठी?”

“काय माहीत. म्हणून तर मजा.”

“अन् आपून बोललेलं कोनी आयकलं तं?”

“मंगळवार आहे. कोण ऐकणार?”

सासूबाईंनी घसा साफ केला आणि एक मोठी, शेतात जनावरं हाकताना देतात तशी आरोळी ठोकली. कर्ण्यातून ती माझ्या डोक्यात घुसली. दोघी हसत सुटल्या. हसणंही आलं, थोडं उशिरा, तांब्याचं होऊन.

मी उठून दुसरीकडे बसायला हवं होतं की नाही हा प्रश्न त्या वेळी पडला नाही. मी अर्धवट झोपेत होतो, आणि पुढचं वाक्य ऐकल्यावर उठणं शक्य नव्हतं.

“काकू, तुमचा भाचा काय करतो?” हेमांगीने विचारलं.

“दुकान हाय त्याचं. किराण्याचं.”

“परवा फोनवर रेल्वेत आहे म्हणालात.”

कर्ण्यात नुसती हवा वाहिल्याचा आवाज आला.

“भाचा नाई मले,” सासूबाई म्हणाल्या.

“मला वाटलंच.”

“कोनी बी नाई. दोन खोल्या हायत. राहीन मी. हातपाय धड हायत.”

“मग तुम्हाला घालवतंय कोण? हे?”

“नाई नाई. जावईबापू कायले घालवतीन? गायीसारखा मानूस. बोलतच नाई.” मग त्या म्हणाल्या, “मीच जातो.” वऱ्हाडातल्या बायकांसारखं त्या स्वतःला ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणत. “आता तुमाले सांगाले हरकत नाई. त्या आधीच्या चौघी नाई म्हनल्या ना, ते त्याह्यनं नाई म्हनलं. ते मीच म्हनवलं.”

मी खांबावरून डोकं उचललं.

“म्हणजे?”

“पह्यलीनं पोट्टीचं नाव बी नाई इचारलं. तिले सांगतलं, कपाटात अजून सरोजच्या साड्या हायत, जावईबापू कोनाले हात लावू देत नाईत. गेली पळून. दुसरीनं इचारलं, पोरगी हॉस्टेलात कधी ठेवनार. तिले म्हनलं, मी मरेपर्यंत इथीच हावो, माह्या हातचंच जेवा लागन. तिसरी बरी होती. पन तिच्या मायनं माह्याकडे असं पाह्यलं, जशी मी बोहारीन. चौथीचं तं जाऊ द्या.”

“साड्या आहेत खरंच?”

“नाई वं. कवाच देल्या वाटून. मीच देल्या.”

हेमांगी हसली. मला हसू आलं नाही. त्या चार बायकांपुढे मी नव्या शर्टात बसलो होतो, चौघींचे नकार घेऊन घरी आलो होतो, आणि प्रत्येक वेळी घड्याळाखाली उभं राहून याच बाई म्हणाल्या होत्या, “मुक्ता, बाबाले सांग, मनाले लावून घेऊ नका.”

“मला काय सांगून पळवणार मग?” हेमांगीने विचारलं.

“तुमाले काई नाई सांगनार. तुमी या. म्हशीवर बसल्या तवाच ठरवलं. पोट्टीले असं हसनारं मानूस पाह्यजे घरात. तुमी या अन् मी जातो.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“कामून?”

“काकू, खरं सांगू? रागावू नका. मला त्यांच्यापेक्षा तुम्ही जास्त आवडलात. ते बघा, झोपलेत.”

त्यांनी वळून बघितलं असावं. मी डोळे मिटून घेतले.

“रातपाळी असते,” सासूबाई म्हणाल्या. “झोपू द्या.”

“मी सकाळी सातला ड्यूटीवर जाते. ते रात्री दोनला येणार. दहा वर्षांची मुलगी, आता मोठी होणार. कुणाजवळ? एकदा संसार करून मोडलाय मी काकू. दोघंच दोन दिशांना, घरात कुणी नाही, असाच होता तो. आता पुन्हा तसल्याच घरात नाही जायचं मला. तुम्ही असाल तर हो म्हणते. नसाल तर नाही. हीच अट.”

“आन माही अट उलटी.”

“का पण?”

मग आवाज आला तो अगदी हळू. त्यांनी तोंड कर्ण्याच्या आत नेलं असावं. हेमांगीकडे न बघता बोलता यावं म्हणून.

“पोट्टी माह्या कुशीत झोपते. मी हाय तवर ती तुमच्याकडे कायले येईन? डोकं दुखलं, माह्याकडे. पडली, माह्याकडे. तुमी घरात असान अन् पाव्हनीसारख्या असान. मंग दोन वर्सांनं मी मरीन. तवा ती बारा वर्सांची. सरोज गेली तवा तिले काई समजत नव्हतं. आता समजन. दुसऱ्यांदा मायशिवाय झाली तं तुमाले जवळ करन का ती? आत्ताच जातो. रडन म्हैनाभर. मंग तुमची होईन.”

“आन दुसरं. मी तिथी कोन? लेकीचं घर होतं म्हून राह्यलो. लेक नाई तरी लेकीचंच म्हनलं. तुमी आल्या का ते तुमचं घर. तुमच्या घरी मी कोन? सवतीची माय.”

“मग सवतीची माय म्हणून राहा. मला चालतंय.”

“मले नाई चालत.”

“आजी, जरा बाजूला व्हा, पुसून घेतो,” असं काहीसं रक्षक तिकडे म्हणाल्याचं ऐकू आलं. तो फडकं घेऊन एकेक कर्णा पुसत होता. पुसत पुसत माझ्या खांबाजवळ आला आणि कर्ण्याशेजारी ताठ बसलेल्या मला बघून म्हणाला, “साहेब, ह्याच्यातून नुसतं ऐकू नाही, बोलता पण येतं. तिकडं निघतं.”

मी कर्ण्याकडे वळलो. तांब्यात माझाच चेहरा लांबट, पिवळा दिसत होता. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. ‘बघू’ हा शब्द जिभेवर होता, तो मी गिळला.

“आई,” मी म्हणालो. “तुम्ही कुठे जाऊ नका.”

दालनाच्या पलीकडच्या टोकाला सासूबाई ताडकन मागे सरल्या, आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. त्यांनी त्या कर्ण्यासमोर डोक्यावर पदर घेतला.

हेमांगीने एकदा कर्ण्याकडे, एकदा लांबवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग ती छत्र्यांकडे निघून गेली. फट्‌ फट्‌ असा आवाज दूर गेला.

सासूबाई तिथेच उभ्या होत्या. मुक्ता नव्हती. घड्याळ नव्हतं. मला वाटलं, त्या आता वळून निघून जातील. त्या पुढे झाल्या आणि पदर दातांत धरूनच कर्ण्यापाशी वाकल्या.

“जावईबापू, सगळं आयकलं का?”

“ऐकू आलं.”

“साड्यांचं बी?”

“हो.”

“राग आला?”

“नाही. दमलोय फक्त.”

“मालूम हाय मले.” मग त्या भराभर बोलल्या, वेळ संपत आल्यासारख्या. “मंग आता नीट आयका. मी राह्यलो ते पोट्टीसाठी. जातो ते बी पोट्टीसाठीच. तुमी मले ठेवून घ्यान, त्या बी ठेवून घेतीन, तुमी दोघंबी चांगले हा. पन मग माह्या मनाचं होनार नाई. मी आजवर तुमाले काई मांगितलं नाई. हे मांगतो. मले अडवू नका. अन् पोट्टीले सांगू नका का मीच जातो म्हनलं. तिले सांगा, आजीले अकोल्याले काम हाय.”

सहा वर्षं एका छताखाली काढल्यावर त्या माझ्याशी थेट बोलल्या, ते हे. नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या बोलून थांबल्या होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या, कान कर्ण्याला लावून, तांब्याला टेकलेली त्यांची पांढरी बट इथूनही दिसत होती. जिने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, तिला नाही कसं म्हणायचं ते मला सुचलं नाही.

“बरं,” मी म्हणालो.

“बरं,” कर्ण्यातून आलं. मग, “तुमी झोपा जराशेक. आमी ते घोडे पाहून येतो.”

घोडे पुढच्या खोलीत होते. झाडूंचे केलेले, पाठीवर बसून पाय मारले की गोल गोल धावणारे. मी झोपलो नाही. तिकडून झाडू फरशीवर घासल्याचा आवाज येत होता आणि सासूबाई हेमांगीला सांगत होत्या, “जोरानं नका मारू, लाथ घालन तो.” बराच वेळ येत होता.

संग्रहालय बंद व्हायच्या सुमाराला आम्ही बाहेर पडलो. सासूबाई रिक्षात जाऊन बसल्या, कडेला अंग चोरून, पदर घेऊन, नेहमीसारख्या. फाटकाशी हेमांगी मला म्हणाली, “माझं उत्तर हो आहे.”

“पण तुमची अट…”

“ती मी सोडलेली नाही. पुढे ढकललीये.” तिने रिक्षाकडे पाहिलं. “आता त्यांना जाऊ द्या. परत मी आणीन. तुम्ही मध्ये पडू नका.”

एका दुपारी दोन बायकांनी मला एकच सांगितलं, ते पाळणं सोपं होतं. दोघींचा अर्थ मात्र एकमेकींच्या उलट होता.

मे महिन्यात आमचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. मुक्ताचा निकाल लागला, त्यानंतरच्या आठवड्यात सासूबाई अकोल्याला गेल्या. स्टेशनवर त्यांनी खिडकीतून मुक्ताला सांगितलं, “तुह्या बाबाले सांग, दुधवाल्याले अर्धा लिटर कमी कराले सांगा.” मुक्ता महिनाभर नाही, पावसाळाभर रडली. हेमांगीकडे ती कधी वळली ते मला नेमकं सांगता येणार नाही. मी रात्रपाळीला होतो. एकदा पहाटे घरी आलो तर दोघी एकाच पांघरुणात झोपलेल्या होत्या आणि हेमांगीचा हात तिच्या डोक्याखाली अडकला होता. हे सासूबाईंना कळवायचं कसं ते मला उमगेना. हेमांगीनेच कळवलं. फोनवर त्या म्हणाल्या, “बरं झालं,” आणि भाजीचे भाव विचारले.

त्या आमच्याकडे येत, पण चार दिवसांच्या वर राहत नसत. दर दिवाळीनंतर हेमांगी त्यांना कायमचं आणायला जायची आणि एकटी परत यायची. पहिली काही वर्षं कारण मुक्ता होती. मुक्ता पुण्याला शिकायला गेल्यावर ते कारण उरलं नाही, तर गुडघे पुढे झाले. गुडघ्यांनंतर मोतीबिंदू. मोतीबिंदू निघाल्यावर शेजारणीचं बाळंतपण. हेमांगी एकेक कारण ऐकून घेई आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिकीट काढी. “कारणं संपत आलीत त्यांची,” ती मला म्हणायची.

संग्रहालय मध्यंतरी बंद पडलं. म्हैस कुठे गेली ते विचारायला मी एकदा फोन केला होता. शिल्पं शिल्पकाराकडे परत पाठवली एवढंच उत्तर मिळालं.

गेल्या महिन्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही. हेमांगीने इथूनच एक्स-रे मागवून बघितला, तिकीट काढलं, परतीची दोन काढली, आणि परवा रात्री गेली. काल तिचा फोन आला नाही. आज सकाळी मी केला, तर मागे सासूबाईंचा आवाज ऐकू आला, पण काय बोलत होत्या ते कळलं नाही. हेमांगी म्हणाली, “नंतर बोलते,” आणि ठेवला.

दुपारी तिचा मेसेज आला. “गाडी सुटली.” एवढाच.

मी लगेच फोन लावला. लागला नाही. मुक्ताने पुण्याहून दोनदा विचारलं, तिलाही तो मेसेजच पाठवला. गाडी वेळेवर आहे. मोबाइलवर दिसतंय त्याप्रमाणे तिने आत्ता भुसावळ सोडलं. डब्यात कोण बसलंय ते त्यात दिसत नाही.